पाहत राहणे

गेट उघडायच्या आधी मी दोन्ही बाजूंचं पाणी पाहतो.
एकतीस वर्षं. वेरेच्या कालव्यावर
माझ्याइतकं पाणी कुणी पाहिलं नसेल,
असं लुंत्ये म्हणते, आणि लगेच म्हणते,
स्वतःच्या संडासात मात्र कधी वाकून बघितलं नाहीस.

खरं आहे.
रक्त दिसत होतं. मी त्याला आधी बीट म्हणालो,
मग मूळव्याध म्हणालो,
मग तपासणीचा लिफाफा आला,
छोट्या नळीत एक चिमूट भरून पाठवायची.
तोही ब्रेडच्या डब्यामागे दोन महिने पडून राहिला.
बांधांची पाहणी करणारा माणूस मी.
पाणी कुठं मुरतंय, ते घरच्या बांधावर कळलं नाही.

गाठ अगदी खाली, तोंडापासून चार सेंटिमीटर.
डॉक्टर ओस्टरलिंगनी पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवली.
काही वर्षांपूर्वी, त्या म्हणाल्या, चर्चाच नव्हती:
कापायचं, पोटावर पिशवी, जन्मभर.
आता आधी किरणं. मग केमो.
त्या हिवाळ्यात दुधाचं थंड पाकीट विजेसारखं चावायचं
आणि गेटचा लोखंडी कठडा
हातमोज्यातूनही मला ओळखायचा.

मे महिन्यात कॅमेरा आत गेला.
मी कुशीवर, भिंतीकडे तोंड.
भिंतीवर कुणीतरी समुद्राचं चित्र लावलेलं.
झेलँडच्या माणसाला समुद्र दाखवून धीर देतात!
त्या बराच वेळ गप्प होत्या.
मग पडदा माझ्याकडे वळवला:
गाठ नाही. जिथे होती तिथे
जुन्या भाजल्याचा असतो तसा पांढरा डाग.
"सध्या काही करायचं नाही."
म्हणजे?
"म्हणजे पाहत राहायचं. दर तीन महिन्यांनी.
बोट, कॅमेरा, एमआरआय, रक्त."
मी म्हणालो, याचा तर मला पगार मिळतो.

लुंत्ये हसली नाही.
त्रेपन्नच्या पुरात तिचा आजा
बांधावर कंदील धरून पाहतच राहिला होता.
गाडीत ती एवढंच बोलली:
दिसत नाही म्हणजे नाही, हे कुणी सांगितलं?
मिडलबर्गपर्यंत वायपर चालू होते.
पाऊस केव्हाच थांबलेला.

चारांत एकाची परत येते.
वेटिंग रूममध्ये चौघं बसलो असलो
की मी नकळत मोजतो,
आणि मोजून झाल्यावर कुणाकडे बघत नाही.
झीरिकझेची तान्नेत्ये, भूगोलाची बाई,
तिची आठव्या महिन्यात परत आली.
कापलं. पिशवी लागली.
पिशवीला तिनं जुन्या हेडमास्तरांचं नाव ठेवलंय
आणि दर गुरुवारी ती त्यांना घेऊन पोहायला जाते.
मी काहीतरी पुटपुटलो, सांत्वनासारखं.
ती उखडली:
"तू पास आणि मी नापास, असं तोंड करू नकोस.
पाहत होते म्हणून वेळेत दिसलं.
मलाही तेच औषध दिलं होतं, क्रैन. तेच."

त्यानंतर मी मोजणं सोडलं, असं लिहायला आवडलं असतं.

उद्या सातवी खेप.
आठवडाभर पोटात काही गुडगुडलं
की मी हातातलं काम थांबवून ऐकतो,
मटाराचं सूप प्यायलो होतो हे माहीत असूनही.
संध्याकाळी लुंत्ये थर्मास घेऊन गेटवर आली.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
खाली एक जर्मन नौका हॉर्नवर हॉर्न वाजवत होती,
त्यांना रात्रीच्या आत समुद्र हवा होता.

काय दिसतंय? तिनं विचारलं.
पाणी.
आणि?
डावीकडे अजून दोन सेंटिमीटर जास्त.

तिनं कॉफी ओतली. कठड्याला टेकली.
मग माझ्यासारखीच डोळे बारीक करून
डावीकडे बघू लागली.