आडवी रेघ

लष्कर हे आमच्या गावात मोहल्ल्याचं नाव.
लष्कर, कंपू, जिन्सी: ग्वाल्हेरात
माणूस भाजी आणायला निघाला तरी फौजेतून जातो.
मी तर दोन्हीकडचा.
जन्म लष्करात, दौलतगंजच्या मागे,
नोकरीही लष्करात, अठ्ठावीस वर्षं,
सुभेदार, धर्मगुरू, पंडित शेजवलकर.
खांद्यावर तारे, आत जानवं,
बंदुकीच्या जागी पळी-पंचपात्र.

परवा मुरार छावणीतून साहेबांची चिठ्ठी आली.
नवे आहेत, तरुण आहेत, विचारतात:
पंडितजी, आपल्याकडे मंदिर आहे, गुरुद्वारा आहे,
मौलवीसाब आहेत, पादरी बोलावता येतो.
ज्यांचं वर कुणीच नाही
त्यांच्यासाठीही एक माणूस नेमावा का?
अनुभव कळवा. एका पानात.

एका पानात!

पेन उघडलं आणि इळंगोवन आठवला.
सिग्नलचा नाईक. गाव धर्मपुरी,
आणि फॉर्मवर धर्माच्या रकान्यात आडवी रेघ.
बाबूने तीनदा फॉर्म परत पाठवला.
तीनदा तीच रेघ, दर वेळी जरा जाड.
रविवारच्या मंदिर परेडला कंपनी आत,
हा बाहेर, शंभर-सव्वाशे जोड बुटांपाशी,
मे महिन्यातल्या लूमध्येसुद्धा.
प्रसाद दिला की खायचा.
म्हणायचा, शिरा चांगला झालाय पंडितजी,
बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

मग रेंजवरून परतताना ट्रक उलटला.
त्याचा जोडीदार गेला, राजबहादूर, भिंडचा पोरगा.
मी केलं जे करायचं ते: मंत्र, तूप, चंदन,
आणि भिंडला जाऊन आईसमोर उभं राहणं.
परतलो त्या रात्री दोनला दार वाजलं.
दारात इळंगोवन, नुसत्या बनियनवर.
"गीता नको," म्हणाला. "आत्मा अमर वगैरे नको.
बसू का?"
समया घासायच्या होत्या, चिंच भिजत घातलेली.
पाच वाजेपर्यंत तो समया घासत राहिला.
मी एक शब्द बोललो नाही.
खरं सांगतो, श्लोक ओठांवर आला होता,
गिळला. अख्ख्या नोकरीत तेवढं एकच व्रत
मी नीट पाळलं असेन.

हे लिहू?
की लिहू, साहेब, जरूर नेमा,
पण त्याच्या बाहीवर कुठलं चिन्ह शिवणार,
शपथ घेताना तो हात कशावर ठेवणार,
आणि जानेवारीत, तीनच्या पहाऱ्यावर,
एखाद्या पोराने विचारलं, हे सगळं कशासाठी,
तर तो कुठलं पान उघडणार?
मग वाटलं,
मी तरी कुठलं पान उघडत होतो?
पोरं माझ्याकडे बहुतेक वेळा
सुट्टीच्या अर्जासाठी यायची.

अजून एक आहे, ते पानात मावायचं नाही.
कुमुद गेली त्या वर्षी
सुतक फिटलं तरी माझ्या तोंडून संध्या निघेना.
पळीतलं पाणी पळीत.
पंडिताने जायचं कुणाकडे?
मौलवीसाबांकडे गेलो असतो, ते सुट्टीवर.
गेलो सिग्नलच्या खोलीत.
इळंगोवनने स्टूल पुढे केलं,
माझ्या कानांवर हेडफोन चढवले.
नुसती खरखर.
"कुणी बोलत नाहीये," तो म्हणाला,
"पण माझी ड्युटी सहापर्यंत आहे. बसा."
आणि चहा आणला, फार गोड,
मला साखर वर्ज्य आहे हे विसरून.
मी प्यायलो.

चिठ्ठीवर अजून मजकूर नाही.
वर "माननीय साहेब", खाली माझी सही,
मध्ये एक आडवी रेघ ओढून बघितली.
माझ्या हातून ती वाकडीच आली.

उद्या धर्मपुरीला फोन लावतो. विचारतो,
अरे, त्या रात्री तुला माणूस हवा होता
की समया?
हसेल तो. मग थोडा वेळ
लाइनवर दोघंही
काही बोलणार नाही.