एक घर पुढे

उद्या सॉलिड स्टेटचा पेपर.
वहीत डोक्यावर टोपी घातलेला टी,
त्याच्यापुढे एक अवस्था.
सरकव एक घर पुढे, बघ काय बदलतं.

खिडकीबाहेर कोपरखैरणे, सिडकोची रो-हाउसेस.
भिंतीपासून भिंतीचं अंतर ठरलेलं,
त्याच तीन पायऱ्या, तोच ओटा,
कुणी वर मजला चढवलाय, कुणी ग्रिलला पोपटी रंग दिलाय,
तेवढी अशुद्धी कुठल्याही स्फटिकात असतेच.

ओझरकर मॅडम सांगायच्या, घनता तीच राहते,
बदलते ती फक्त कला.
मग फळ्यावर अणूंची ओळ, प्रत्येकाच्या डोक्यावर घड्याळ,
प्रत्येक घड्याळात काटा जरा पुढे.
खडू मोडायचा सातव्या-आठव्या घड्याळापाशी.

साडेबाराला अण्णा तुर्भ्याहून सेकंड शिफ्ट संपवून आले
आणि एक गल्ली आधीच वळले.
तोच ओटा. तोच काळोख.
किल्ली कुलपात गेली,
फिरली नाही.

आत दिवा लागला. शमीमचाचींनी विचारलं, कौन?
अण्णा म्हणाले, मीच.
मग थोड्या वेळाने म्हणाले,
नाही, मी नाही.

इलेक्ट्रॉनवर ही वेळ येत नाही.
त्याचा पत्ता म्हणजे अख्खी रांग,
प्रत्येक घरात थोडा थोडा, सारखाच,
कुठल्याही दारात परका नाही
आणि कुणी त्याच्यासाठी जागंही नाही.

आमची कडी वाजली.
आज उशीर? आई भाजी गरम करत म्हणाली.
एक घर पुढे जाऊन आलो, अण्णा म्हणाले,
आणि पाट ओढला.