सोडणं

पहाटे पावणेपाच. वेटसूट अजून ओला,
कालचं पाणी बाह्यांमध्ये मुक्कामाला.
मी तो अंगावर ओढते, कण्हत, एका पायावर नाचत.
पाळक याकोब्स म्हणतात, गुडघे टेकून दिवस सुरू करावा.
टेकते की. सर्फबोर्डावर, मेण घासताना.

सातला माकुलांच्या कारखान्यात शिरायचं असतं,
शाई धुवायची, बोटं बधिर होईस्तोवर.
तोवर दीड तास समुद्र माझा.

माझा म्हणू नये.
बाबा म्हणाले असते, कुणाच्या बापाचा नाही गं,
आणि मग हसले असते, कारण एके काळी होता.
इथेच, कोरफडीच्या त्या जाळीशेजारी पाटी होती.
कुणी यायचं, कुणी नाही, दोन भाषांत.

बाबांना दोन्ही वाचता यायच्या. तरी ते आले,
गळ, दोरा, आमिषाचा डबा घेऊन, अंधारात.
हवालदार स्नाइमननं तोंडावर बॅटरी मारली,
दोरा गुंडाळून घेतला, डबा वाळूत उपडा केला
आणि म्हणाला, चल, सूट.
मारलंही नाही, असं बाबा प्रत्येक वेळी सांगायचे,
आणि त्या ‘ही’वर त्यांचा आवाज अडकायचा.

स्नाइमन आता एकोणऐंशीचा.
लांब फळी, वाकडा गुडघा, नाकावर जस्ताचा पांढरा लेप.
रोज येतो. बाबांना पुरलं त्या दिवशीही
चर्चच्या दारापर्यंत आला होता,
टोपी हातात. आत आला नाही.

पाण्यातला नियम सोपा आहे:
जो शिखराजवळ, लाट त्याची.
म्हातारा तिथवर पोचेपर्यंत
मी त्याला वळसा घालून आतल्या बाजूला बसलेली असते.
तीन वर्षं झाली. सगळ्या लाटा नियमानं घेतल्या.
मी कायदा मोडला नाही.
तेव्हा त्यानंही मोडला नव्हता.

हे मला पाण्यात सुचलं नाही, चर्चमध्येही नाही.
माकूल साफ करताना सुचलं, शाई कोपरापर्यंत,
शेजारी फ्रेडलीन नवऱ्याला शिव्या देत होती.
दर रविवारी आम्ही म्हणतो ना, आमचं ऋण सोड,
आम्हीही सोडलंय. तोंड पाठ केलेलं म्हणून जातं.
कुणी विचारलं असतं, कुणाचं सोडलंस गं, नाव सांग,
तर मी घड्याळाकडे पाहिलं असतं.

गुरुवारी आग्नेयेकडून सेट आला.
पहिली सोडली, दुसरी सोडली,
तिसरी खांद्याएवढी, काचेसारखी, माझीच.
त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
विनवणी नव्हती त्यात. सवय होती.
मी फळीचं नाक वर खेचलं आणि थांबले.

हक्कावर पाणी सोडणं म्हणतात.
ओंजळीतून सोडत असतील लोक.
माझ्या फळीखालून ते
एवढं मोठं, हिरवं, सरकून गेलं, आणि मला राग आला.
आपलं वाया गेलं, असं वाटलं.
आकाश बिकाश उघडलं नाही.
कबुतर नव्हतं, एक पाणकावळा होता,
खडकावर पंख वाळत घालून बसलेला.

स्नाइमन उठला, गुडघ्यानं घोळ घातला,
तरी उभा राहिला, किनाऱ्यापर्यंत.
परत यायला त्याला पंधरा मिनिटं लागली.
माझ्याजवळ थांबून, धापा टाकत म्हणाला,
पाणी आज फार गार आहे.
मी म्हणाले, हो.
तीन वर्षांतलं आमचं पहिलं बोलणं.

शुक्रवारी मी पुन्हा त्याला वळसा घातला.
हात आपसूक वल्हवत गेले, लाट चांगली होती,
आणि उतरताना कानात बाबांचा ‘ही’ होता.
आज शनिवार. कारखाना बंद. समुद्र बरा दिसतोय.

प्रभू, माझ्याकडे एकदम मोठ्या मागू नकोस.
गुडघ्याएवढ्या माग आधी,
फेसाळ, तुटक्या, कुणालाच नको असलेल्या.
त्या देते. हळूहळू हात सैल होईल.
खांद्याएवढीचं मात्र खरं सांगते,
गुरुवारची अजून मोजते आहे.