मधले थांबे

व्हिएन्ना ते हॅम्बर्ग सातशे चाळीस किलोमीटर.
शेजारच्या ऋग्वेदनं मोबाइलवर काढून दिलं.
विमान सरळ जातं म्हणाला, काका,
घाट नाही, टोल नाही. दीड तास.

एकतीस वर्षं मी शिवाजीनगर स्टँडला वाहतूक नियंत्रक.
अंतर ऐकलं की जिभेवर थांबे येतात.
सातशे चाळीस म्हणजे आमचं नागपूर, थोडं इकडंतिकडं:
शिरूर, नगर, औरंगाबाद, जालना, मेहकर, कारंजा.
पंधरा तास. टायरनं साथ दिली तर.

वैजू व्हिएन्नाला. प्रफुल्ल हॅम्बर्गला.
चार वर्षं एकमेकांशी बोलणं नाही.
हिच्या तेराव्याला दोघं आली,
पंगत वाढली, पातेली घासून पालथी घातली,
आणि लोहगावला गेली दोन वेगळ्या रिक्षांनी.
मी गॅलरीतून दोन्ही सुटताना पाहिल्या.
सवयीनं मनगटाकडं नजर गेली:
चार दहा.
चार तीस.

रजिस्टरला शेवटचा रकाना असायचा, 'उशिराचे कारण'.
ड्रायव्हर सांगतील ते लिहायचो:
रेडिएटर, मोर्चा, म्हशी.
खरं कारण बहुतेकदा चहा असायचं.
या दोघांना मी कारण विचारलं नाही.

एकदा पासावर नागपूरला निघालो होतो,
मेव्हण्याच्या लग्नाला, चौघं.
खिडकीवरून दोघांचं शिरूरपर्यंत रण.
नगरला वैजूनं त्याला चिमटा काढला,
औरंगाबादला त्यानं तिचा पेरू खाल्ला.
जालन्याच्या पुढं आवाज येईना म्हणून मागं वळलो,
तर त्याचं डोकं तिच्या खांद्यावर,
तिचं तोंड उघडं,
आणि खिडकी रिकामीच, वारा खात.

दीड तासात काय होणार?
पट्टा बांधायचा, पाणी प्यायचं, पट्टा सोडायचा.
रुसवा अजून शिरूरलाच असतो
तोवर चाकं जमिनीला टेकलेली.
कुणी मधे उतरत नाही पाय मोकळे करायला,
कुणी म्हणत नाही, तुझ्यासाठी पण घेतला, अर्धा.

दोघांच्या घड्याळात एकच वाजतो.
मला वजाबाकी एकदाच करावी लागते.
उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार.
रविवारी आधी ती, मग तो. मधे
वीस मिनिटं मी फोन मांडीवर धरून बसतो.

काल वैजू म्हणाली, गुडघ्याला तेल लावता ना,
गॅस बंद करता ना, आणि मग,
मी काही विचारलेलं नसताना,
'हॅम्बर्गला तीन दिवस नुसता पाऊस आहे.'

मी हं म्हणालो.
फोन ठेवल्यावर पेन्शनच्या पावतीमागं
तारीख घातली, वेळ घातली, चार पाच,
मार्गाच्या जागी दोन्ही गावं लिहिली.
शेवटचा रकाना आखला
आणि तसाच ठेवला.