गिरमिट

तीस सेंटिमीटर. तेवढंच खाली जायचं.
दांड्यावर लाल खूण आहे, ती मातीत बुडाली
की थांबायचं, आणि गिरमिट सरळ वर ओढायचं.
मी पिशवीवर आकडा घालते: एकशे चौदा.
इसिओलोच्या या उन्हात शाईलाही वाळायची घाई.

आबा लांब उभा. काठी मानेमागे आडवी,
दोन्ही हात तिच्यावर टाकलेले.
'सापडला का?' विचारतो,
जसं मी चुकलेलं वासरूच शोधतेय.

दिसत नसतो तो, मी सांगते.
नैरोबीत ही माती भट्टीत जाळतील, मग कळेल
किती कार्बन होता.
'जाळल्यावर कळणार, काय होतं ते,'
आबा म्हणतो, आणि गाईंकडे बघतो.

मी लहान असताना जमीन पत्र्यासारखी वाजायची.
सगळ्यांच्या गाई सगळीकडे, बारा महिने.
पाऊस यायचा, थांबायचा नाही,
आमच्या दारावरून दुसऱ्याच्या गावाला जायचा.
मग म्हातारे बाभळीखाली तीन दिवस भांडले.
ठरलं: ओढ्यापलीकडे गवताला बी धरेपर्यंत
एकही खूर पडायचा नाही.
नंतर सगळ्या गाई एकत्र, एका घोळक्यात,
घास घ्यायचा आणि पुढे, घास आणि पुढे.
चावा बसला की गवत खाली थोडं मरतं.
मेलेलं मूळ तिथंच राहतं.
आत्ता मी पिशव्यांत भरतेय, ते हेच.

नियम पहिल्यांदा मोडला गुयोकाकाने, रात्री.
आबाने सख्ख्या भावाला दंड लावला:
एक बैल, तांबडा, शिंगं आत वळलेला.
दोन वर्षं काका आमच्याकडे दूध प्यायला नाही.
या गोष्टीला फॉर्मवर रकाना नाही.

'आणि पैसे देणारा कोण?'
आहे कुणीतरी, थंड गावातला.
त्याच्या विमानांचा धूर म्हणे आपल्या पायाखाली ठेवायचा.
आबा पाय उचलून खाली बघतो. मुद्दामच.
'आणि पाऊस तीनदा चुकला,
गाई मरायला लागल्या, राखलेल्या रानात घातल्या,
तर त्याचा धूर त्याला परत नेऊन द्यायचा?
कोण नेणार, तू?'
मला हसू येतं. मग येत नाही.

तो गुडघे टेकतो. गिरमिटातली माती हातावर घेतो,
अंगठ्याने फोडतो. आतून केसाएवढं
पांढरं मूळ निघतं, ओलसर.
चिमूटभर माती जिभेवर ठेवतो,
डोळे मिटून बराच वेळ चघळतो.
'आललो,' म्हणतो.
हे गवत मी फक्त आजोबांच्या शिव्यांत ऐकलेलं.

मग ओढ्याकडे तोंड करून, मला नाही, कुणालाच नाही:
'गुयोला सांगायला हवं.'

मी पिशवी बांधते.
वजनात चिमूटभर कमी भरेल एकशे चौदा.
शेरा लिहायची जागा मी कोरी सोडते.