तिसरं प्रकरण

परभणीत एरंड लावावा लागत नाही.
रेल्वेच्या कडेनं, नालीच्या काठानं,
आमच्या प्रयोगशाळेच्या मागं
जिथं काचसामान धुतल्याचं पाणी जातं
तिथं तो आपला आपण येतो,
लालसर देठाचा, पंजे पसरून.

त्याच्या पेंडीतलं विष मारायचं
आणि पेंड शेळीला घालायची,
एवढंच आमचं संशोधन.
पण मारायचं तर आधी ते हातात यावं लागतं,
निव्वळ, पांढरं, चिमटीभर.
फहदनं ते दुसऱ्या वर्षी काढलं.
प्रबंधाचं तिसरं प्रकरण.

ती चिमटी दिल्लीच्या यादीत आहे,
रोगजंतूंच्या, तोफेच्या सुट्या भागांच्या पंगतीत.
मला हे उशिरा कळलं, हे कबूल करते.
त्या दिवशी उणे वीसच्या कपाटाला दुसरं कुलूप लावलं
आणि फहदचं विमान आठ महिन्यांवर होतं.

निर्यात परवाना कक्ष म्हणजे
एक टेबल आणि अवद चाऊस.
"वस्तूचं वर्णन सांगा, मॅडम."
"वस्तू नाही, चाऊसभाई. हार्डडिस्कमधलं आहे."
"हार्डडिस्क वस्तूच की."
"तिच्या आतलं."
"मग आतल्याचं वजन काय लिहू?"

अंतिम वापरकर्ता?
फहद बासलेम, मुक्काम हद्रमौत, म्हणाला, मामाच्या शेळ्या.
चाऊसभाईंनी 'शेळ्या' लिहिलं,
पट्टी धरून खोडलं,
वरून पांढरं लावलं, फुंकर घातली.
"माझा पणजा तिकडूनच आला," ते म्हणाले,
"निजामाच्या पलटणीत. कमरेला जंबिया, खांद्यावर बंदूक.
अंतिम उपयोग कुणीच इचारला नाही."
हसले.
मग कागद सरळ करत, हळूच :
"इचारायला पाहिजे होता."

दिल्लीहून पत्र आलं, अधिक माहिती पुरवावी.
पुरवली.
पुन्हा आलं, अधिक माहिती पुरवावी.
अधिष्ठाता म्हणाले, हे एरंडाचं गुऱ्हाळ झालं बघा,
आणि आपल्याच कोटीवर खूश होऊन
दोन दिवस तीच सगळ्या विभागांत सांगत फिरले.

मी नियमाला नावं ठेवत नाही.
सातव्या पिंजऱ्यातले उंदीर मी पाहिलेत.
तिसऱ्या दिवशी पाण्याच्या नळीकडं तोंड करून
सगळे एका रांगेत.
त्यांची छायाचित्रं मी प्रबंधात घेऊ दिली नाहीत.

एका रकान्यावर मात्र अडले.
अमूर्त स्वरूपात हस्तांतरण : होय / नाही.
चार वर्षं मी ह्या पोराला शिकवलं,
द्रावण कधी गढुळतं, कुठल्या क्षणी हात आवरायचा,
वास आला नाही तरी मास्क का काढायचा नाही.
त्यानं मला शिकवलं, तिकडं ह्याला खिरवा म्हणतात,
'ख' घशातून.
हे कुठल्या बाजूला टाकू?
"दोन्हीवर खूण चालत नाही, मॅडम,"
चाऊसभाई म्हणाले, आणि पेन माझ्या हातात दिलं.

मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपला, दिल्ली संपली नव्हती.
त्यानं माझ्यासमोर तिसरं प्रकरण पुसलं.
'कायमचे काढून टाकायचे?' संगणकानं विचारलं,
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
मी रजिस्टरकडं.
पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं घेऊन
रात्रीच्या देवगिरीनं तो गेला.
पेंड निर्विष झाल्याचं चौथ्यात आहे.
कशापासून, ते तिसऱ्यात होतं.

आता चैत्राचं ऊन.
दुपारी शाळेमागं बोंडं तडकतात,
टक्, टक्,
आणि बिया भिंतीपलीकडं रस्त्यावर उडतात.
दर शनिवारी मी कोंडाबाईंना त्या वेचायला लावते.
त्या विचारतात, मॅडम, किती असतील?
मी मोजून, तारीख घालून, रजिस्टरात लिहिते.
सगळ्या सापडत नाहीत.