जळजळ

शाळेत ते मला पहिल्यांदा तोंडात भेटलं.
'लर्न बाय हार्ट,' डोंगरदिवे सर फळ्यावर लिहायचे,
खाली मराठीत: तोंडपाठ.
मी विचारलं, सर, त्यांचं हृदयापर्यंत जातं,
आपलं तोंडातच का राहतं?
छडी बसली. तेवढं मात्र दोन्ही भाषांत पाठ झालं.

आता मी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात
ईसीजी काढतो. खोली नंबर नऊ.
जेल गार असते, आधी तळहातावर चोळून घेतो.
सहा टोप्या छातीवर, चार चिमटे हातापायांना,
आणि गुलाबी चौकटींच्या कागदावरून
माणूस डावीकडून उजवीकडे चालत जातो.

डॉक्टर लिजो केरळचे.
'कुठं दुखतं' एवढं विचारता येतं त्यांना,
उत्तर आलं की माझ्याकडं बघतात.
म्हणून मी दुभाष्या. पगार तेवढाच.

लोक काय काय घेऊन येतात!
जीव घाबरा होऊलालाय. ऊर भरून आलाय.
एक म्हातारा म्हणाला, लेकानं काळीज खाल्लं माजं.
लिजोंचा पेन हवेतच.
मी म्हणालो, फॅमिली टेन्शन, सर.

आमच्या घरी त्याला कलेजा म्हणतात,
आणि बकरीदला ताटलीत येते ती कलेजी, म्हणजे यकृत.
कोर्स करून आल्यावर अम्मीला हा फरक सांगितला.
पोळपाटावरून मान न उचलता ती म्हणाली,
"तो फिर मैं चालीस साल से किसकू संभाल रई?"

रात्रपाळीला चहावर लिजो मला शिकवायचे.
सोन्याचं हार्ट, दगडाचं हार्ट.
चेंज ऑफ हार्ट म्हणजे मन पालटणं, ऑपरेशन नव्हे.
भीती वाटली की हार्ट तोंडात येतं
(सर, ऐकताय ना?)
आणि भोळ्या माणसाचं म्हणे बाहीवर असतं.
मी माझी बाही पाहिली.
जेल वाळून पांढरी झालेली.

चैतात बर्दापूरची चतुराबाई आली.
एसटीनं, एकटी, पदराच्या गाठीत सुट्टे पैसे.
"काळजात जळजळ होऊलाली, भाऊ. दोन रोज झाले."
बाहेर रांग जिन्यापर्यंत.
मी एका शब्दात सांगितलं: हार्टबर्न.
हार्ट म्हणजे काळीज, बर्न म्हणजे जळणं.
इतकं चोख भाषांतर मी जन्मात केलं नव्हतं.
लिजोंनी पित्ताची गोळी लिहिली.

तो शब्द पोटाचा आहे.
हृदयाचं नुसतं नाव लावून फिरतो.
हे चहावर कधी निघालं नाही,
आणि मीही विचारलं नाही.

गेटपर्यंत गेलेली ती पाण्यासाठी माघारी वळली,
कारण नळ खोली नऊच्या समोर आहे.
तांब्या भरायला वाकली ती उठेचना.
कपाळावर घाम, हात जबड्याला.
कुणाला न विचारता मी तिला आत घेतलं.
सिस्टर जागेवर नव्हत्या. तिनं डोळे मिटले.
त्या घाईत जेल चोळून कोमट करायची राहिली.
"गार हाय," ती म्हणाली, "बरं वाटतंय."

कागदावर बालाघाट उभा राहिला,
एकामागं एक टेकडी.

तिला लातूरला नेलं.
गाडी वळेपर्यंत मी पायरीवर उभा होतो.
पुढचं मला ठाऊक नाही.
बर्दापूरच्या माणसाला विचारावं म्हणतो,
आणि तो समोर आला की
त्याचा केसपेपर नीट लावत बसतो.

आता कुणी जळजळ म्हणालं की मी शब्द बदलत नाही.
आहे तसाच लिजोंच्या हातात देतो.
मग आम्ही दोघं विचारतो, बोट ठेवून दाखवा.
माणसं छातीवर बोट ठेवतात,
कधी बेंबीच्या वर, कधी डाव्या दंडावर.
एक पोरगी नुसतीच दाराकडं बघत राहिली.

लिजोंच्या वहीत मल्याळम अक्षरांत एक ओळ आहे.
मला ती लिपी येत नाही,
पण गोल गोल अक्षरांची तीच जोडी दोनदा आलीय:
जळ, जळ.